मालोजीराजे भोसले यांचे मूळ : परंपरा आणि पुरावा

देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले, की गावात दोन प्रकारचे हिशेब सुरू होतात. एक वर्गणीचा आणि दुसरा घराण्यांचा. कोणाचा मान पहिला, पालखीला खांदा कोणाचा, काठी कोणाच्या दारातून निघते, या गोष्टी बोलता बोलता गोष्ट मूळ पुरुषापर्यंत जाते. मग वडीलधारी माणसे सांगू लागतात, 'आपण मूळचे इथले नव्हे. आपला मूळ पुरुष अमक्या गावाहून, दुष्काळात, एक बैलजोडी आणि देवाचा टाक घेऊन आला.' गाव कोणते, दुष्काळ कोणता, हे विचारले, की उत्तरे वेगवेगळी येतात.

कळंबसारख्या गावात तर हा प्रश्न घरोघरचा आहे. नीरेच्या काठचा हा मुलूख पूर्वी पावसाच्या भरवशावर जगणारा होता. १६३० च्या भीषण दुष्काळाने पुणे प्रांत ओस पडला. त्यानंतर शहाजीराजांच्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी कौल देऊन नवी कुळे आणून वसविली, जमिनी लागवडीस आणल्या. जुन्या कागदांत गावच्या शेतकऱ्यांचे दोन वर्ग दिसतात. एक मिराशी, म्हणजे वंशपरंपरेने जमीन असलेले, आणि दुसरे उपरी, म्हणजे बाहेरून येऊन जमीन करणारे. जे घराणे नाहीसे झाले त्याची जमीन 'गतकुळी' म्हणून लिहिली जाई. म्हणजे माणसे गेली तरी थळाला त्यांचे नाव राही, आणि त्या थळावर कसणारा मात्र दुसऱ्याच गावचा असे.

इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगलच्या पाहणीतील जड धाऱ्यामुळे इंदापूर तालुक्यातील पुष्कळ जमीन पुन्हा पडीक पडली व रयत गाव सोडून गेली. म्हणूनच १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुधारलेली मोजणी आणि हलका धारा प्रथम इंदापुरातच लागू केला, आणि लोक पुन्हा येऊ लागले. पुढे नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले. १९३० नंतरच्या दशकात कळंबच्या शिवारालगत वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला आणि चारी दिशांची माणसे कामासाठी येथे आली. ज्यांच्या नावाने ती वसाहत ओळखली जाते त्या वालचंद हिराचंद यांचे घराणेही मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापारासाठी ते दक्षिणेत आले आणि वालचंदांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरास झाला. सारांश, येथे कोण आधी आला आणि कोण मागून, एवढाच काय तो फरक.

आपला मूळ पुरुष कोठून आला याचा शोध कसा घ्यावा, त्यात विश्वास कशावर ठेवावा आणि कशावर ठेवू नये, हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्या घराण्याच्या मुळाचा शोध महाराष्ट्रात सर्वांत अधिक घेतला गेला, त्या घराण्यातील एक थोर पुरुष याच इंदापुरात धारातीर्थी पडला. ते म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले. इंदापूरला मालोजीराजांची गढी आजही दाखविली जाते.

प्रथम निश्चित काय आहे ते पाहू. मालोजींचे वडील बाबाजी भोसले. या घराण्याकडे भीमेच्या खोऱ्यातील हिंगणी बेर्डी, देऊळगाव या गावांची पाटिलकी होती, आणि पुढे वेरूळशीही त्याचा निकट संबंध जडला. मालोजी आणि त्यांचे बंधू विठोजी हे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामशाहीच्या चाकरीत पुढे आले. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचा त्यांना आश्रय होता. फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या घरातील कन्या मालोजींच्या घरी आली. नगरच्या शाह शरीफ या अवलियाच्या कृपेने पुत्र झाले, म्हणून मुलांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. मालोजींना पुणे व सुपे हे परगणे जहागीर म्हणून मिळाले. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात ते इंदापूरच्या लढाईत पडल्याचे सांगितले आहे. या लढाईचे वर्ष काही अभ्यासक १६०६ धरतात, काही त्यानंतरचे मानतात. विठोजींनी लहान पुतण्यांचा सांभाळ केला, आणि पुढे इंदापूर परगणाही शहाजीराजांच्या जहागिरीत आला.

येथपर्यंत जमीन पक्की आहे. बाबाजींच्या मागे पाऊल टाकले, की ती भुसभुशीत होऊ लागते. हिंगणीचे हे पाटील तेथे कोठून आले? या प्रश्नाला दोन मोठी उत्तरे दिली गेली आहेत. एक उत्तरेकडे बोट दाखविते, दुसरे दक्षिणेकडे.

उत्तरेकडचे उत्तर असे. १३०३ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने चितोड घेतले. मेवाडच्या सिसोदिया राजघराण्यातील सज्जनसिंह हा राजपुत्र नशीब काढण्यासाठी दक्षिणेत उतरला. त्याच्या वंशात दिलीपसिंह, सिधोजी, भोसाजी असे पुरुष झाले आणि भोसाजीवरून भोसले हे नाव पडले. पुढे या वंशाच्या दोन शाखा झाल्या. थोरली मुधोळची. तिच्यातील एकाने १४७१ च्या सुमारास घोरपडीच्या साहाय्याने खेळणा म्हणजे विशाळगड चढून जाण्याचा पराक्रम केला, म्हणून ते घोरपडे झाले. धाकटी शाखा भीमेकाठी आली, तिच्यात बाबाजी व मालोजी झाले.

या मताला आधार कोणते? शहाजीराजांच्या दरबारातील कवी जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू' नावाचा ग्रंथ लिहिला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात राणा दलीप याच्या कुळात मालोजी झाल्याचे सांगितले आहे. शहाजीराजांनी १६५६ च्या सुमारास आदिलशाहास पाठविलेल्या पत्रात आपण राजपूत असल्याचे म्हटले आहे. कवी भूषण महाराजांस सिसोदिया म्हणतो. राज्याभिषेकाच्या वेळी काशीचे गागाभट्ट आले. तेव्हा वंशाचा शोध करता उत्तरेकडून दक्षिणेत आलेले शुद्ध क्षत्रिय सिसोदे ते हेच घराणे, असे ठरल्याचे कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत सांगतो. मुधोळ संस्थानातही बहमनी व आदिलशाही काळातील म्हणून काही फार्सी फर्माने होती. १९३४ मध्ये दत्तात्रेय विष्णु आपटे यांच्या मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या इतिहासात ती पुढे आली.

वाचणाऱ्यास वाटेल, की आता आणखी काय हवे? पण पुराव्याची परीक्षा त्याच्या वयावरून होते. सज्जनसिंह दक्षिणेत आला तो चौदाव्या शतकात, आणि जयराम कवी लिहितो सतराव्या शतकाच्या मध्यास. मधे तीनशे वर्षे आहेत. सभासदाने बखर लिहिली ती १६९७ च्या सुमारास, जिंजीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. मधला काळ जोडणारी एकच वस्तू, ती मुधोळची फर्माने. ती खरी मानली तर साखळी बरीचशी जुळते. पण त्यांच्याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. काहींनी ती ग्राह्य धरली, तर काहींनी बनावट ठरविली. घोरपडीची कथा तर तानाजी मालुसऱ्यांच्या नावावरही सांगितली जाते. एकच कथा दोन ठिकाणी भेटली, की ती लोकांच्या तोंडी फिरणारी आहे असे समजून सावध व्हावे लागते.

मात्र दुसऱ्या बाजूनेही न्याय केला पाहिजे. हा वंश राज्याभिषेकासाठी, म्हणजे १६७४ मध्ये, गरज म्हणून रचला गेला, असे काही जण घाईने म्हणतात. ते बरोबर नाही. जयराम कवीचा ग्रंथ आणि शहाजीराजांचे पत्र ही दोन्ही राज्याभिषेकाच्या आधीची आहेत. घराण्याला आपण उत्तरेकडून आलो ही आठवण, किंवा तसा समज, शहाजीराजांच्या काळी होता एवढे निश्चित. आठवण खरी होती काय, हा पुढचा प्रश्न. शिवाय 'राजपूत' हा शब्द त्या काळी जातिवंत लढवय्या अशा अर्थानेही वापरता येई. त्या एका शब्दावरून चितोडपर्यंतची वाट आखता येत नाही.

येथे एक योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्या गागाभट्टांनी हे घराणे उत्तरेचे म्हणून मान्य केले, त्यांचे स्वतःचे पूर्वज पैठणहून काशीस गेलेले होते. म्हणजे दक्षिणेतून उत्तरेत गेलेल्या घराण्यातील पंडिताने उत्तरेतून दक्षिणेत आल्याचे सांगणाऱ्या घराण्याचा वंश मान्य केला. माणसांच्या वाटा अशा दोन्ही दिशांनी वाहत होत्या.

आता दक्षिणेकडचे उत्तर. लोकसंस्कृतीचे थोर संशोधक डॉ. रा. चिं. ढेरे यांनी २००१ मध्ये 'शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी राजांच्या वंशावळीपासून सुरुवात न करता देवापासून केली. नीरेच्या पलीकडे, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात शंभुमहादेवाचा डोंगर आहे. चैत्रात त्याची यात्रा भरते. पुणे जिल्ह्यातून गावोगावच्या कावडी नीरा ओलांडून जातात, आणि सासवडच्या भुतोजी तेल्याची कावड अवघड मुंगी घाटाने वर चढते. हा देव भोसले घराण्याचे कुलदैवत. ढेरे यांनी विचारले, घराणे जर मेवाडचे, तर त्याचा देव या डोंगरावर कसा?

त्यांच्या मते तेराव्या शतकाच्या आरंभी बळियप्पा गोपती शिरसाट नावाचा एक पुरुष कर्नाटकातील गदग परिसरातील सोरटूरहून आपली गुरेढोरे आणि आपला देव बरोबर घेऊन साताऱ्याच्या बाजूस आला. तो होयसळ कुळातील, आणि देवगिरीच्या यादव सिंघणाच्या नात्यातील. त्याने आणलेला देव शिंगणापूरच्या डोंगरावर स्थापिला गेला. भोसल्यांत 'शिरसाट भोसले' अशी एक शाखा आहे, आणि 'होयसळ' व 'भोसल' या शब्दांत ध्वनीचे साम्य आहे. गोपालक म्हणजे गवळी-धनगर समाजातून राजकुळे उभी राहिली, हा या मांडणीचा गाभा आहे.

या मताची ताकद कुलदैवतात आहे. माणूस गाव सोडतो, भाषा बदलतो, आडनावही बदलतो, पण देव सहजासहजी बदलत नाही. लग्नात देवक कोणते, जावळ कोठे काढतात, नवस कोणत्या डोंगरावर फेडतात, या गोष्टी कागदाविना शेकडो वर्षे टिकतात. पण त्याची मर्यादाही तेथेच आहे. बळियप्पा आणि बाबाजी यांच्यामध्येही तीनशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते भरून काढणारी पिढीवार नावांची कागदोपत्री साखळी नाही. शब्दांचे साम्य वाट दाखवू शकते, मुक्काम सिद्ध करू शकत नाही. शिवाय नव्या मुलखात आलेला माणूस तेथल्या देवालाही आपला देव करतो. हा प्रकार खेड्यापाड्यांत नवा नाही.

आडनावाची गोष्टही अशीच फसवी आहे. फलटणचे निंबाळकर आपली परंपरा धारच्या परमारांपर्यंत नेतात. पण त्यांचे आडनाव धारचे नाव सांगत नाही, फलटणजवळच्या निंबळक गावचे सांगते. भोसल्यांची एक शाखा हिंगणीकर म्हणून ओळखली गेली आणि नागपूरचे भोसले तिचेच. म्हणजे 'कर' लागलेले आडनाव शेवटचा मुक्काम सांगते, पहिला नव्हे. ज्या घराण्याला आपले मूळ गाव आडनावात सापडले असे वाटते, त्याने हे लक्षात घ्यावे. ते गाव बहुधा वाटेतले एक गाव असते.

मग मालोजीराजांचे मूळ कोणते? पुरावा पाहता त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की बाबाजींपर्यंत निश्चित, त्यामागे परंपरा. उत्तरेची परंपरा जुन्या ग्रंथांत लिहिलेली आहे, दक्षिणेची परंपरा देवधर्मात आणि लोककथेत जपलेली आहे. दोन्हीपैकी एकीला मान द्यायचा तर दुसरीला खोटे म्हणण्याचे कारण नाही, आणि दोन्हींपैकी कोणतीही सिद्ध झाली असे म्हणण्याचाही अधिकार नाही. यात मालोजींचा मोठेपणा तिळभर उणावत नाही. पाटिलकीच्या घरातून निघून जो पुरुष दोन परगण्यांचा जहागीरदार झाला, त्याला मागच्या तीनशे वर्षांची शिफारस लागत नाही.

आणि मालोजींच्या बाबतीत वादाबाहेरचे जे उरते, त्याचा जीर्णोद्धाराशी निकट संबंध आहे. शिंगणापूरच्या डोंगरावर पाणी नव्हते. चैत्राच्या उन्हात वर चढणाऱ्या हजारो यात्रेकरूंचे हाल होत. मालोजींनी तेथे मोठे तळे बांधविले. ते पुष्कर तळे म्हणून ओळखले जाते आणि 'शिवभारता'नेही त्याची नोंद घेतली आहे. आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळच्या घृष्णेश्वराच्या देवळाचाही त्यांनी जीर्णोद्धार केला. पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ते देऊळ पुन्हा बांधले. भवानीच्या कृपेने शेतात धन सापडले, ते श्रीगोंद्याच्या शेषो नाईक पुंड्यांकडे ठेवले व त्यातून हे सारे खर्च झाले, अशी बखरीतील कथा आहे. धनाची कथा मानावी वा न मानावी, तळे मात्र डोंगरावर आहे.

दगडाची साक्ष मोठी खरी, पण तीही तिच्या काळापुरतीच. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. मराठीतील हा फार मोठा कोरीव लेख आहे. दगडावर आहे म्हणून त्यातले शब्द पुसले जाणार नाहीत. पण तो मालोजींनंतर दोनशे वर्षांनी कोरलेला आहे. म्हणून तंजावरच्या राजांना १८०३ मध्ये आपल्या वंशाविषयी काय ठाऊक होते, याचा तो उत्तम पुरावा आहे. चौदाव्या शतकात काय घडले याचा तो पुरावा नव्हे. कागद असो वा शिळा, 'हे कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिले' एवढे तीन प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

हे सारे कळंबच्या आणि पंचक्रोशीतील घराण्यांनाही लागू आहे. आपला मूळ पुरुष शोधायचा तर सुरुवात राजवंशापासून न करता जवळच्या पुराव्यापासून करावी. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीस विचारावे, कारण कुलाचार, देवक आणि माहेर-सासरची गावे तिच्या लक्षात अधिक असतात. मग गावचे कागद पाहावेत. जन्ममृत्यूच्या नोंदीचे कोतवाल बुक, जुनी हक्कनोंदीची पत्रके, मोजणीचे उतारे यांतून तीन-चार पिढ्या सहज निघतात. त्यामागे मोडी कागद. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, त्यात परगणेवार हिशेब आहेत. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांची नावे गावासह लिहिलेली सापडतात. दरसाल सुगीनंतर येणारे हेळवी आपल्या चोपडीतून वंश वाचून दाखवीत, त्यांच्या चोपड्याही पाहण्यासारख्या आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती वाण आहे हे सर्वांच्या ध्यानात आले. तरुणांनी ही लिपी शिकून घेतली तर गावचे मोठे काम होईल.

शोध लिहिताना दोन रकाने ठेवावेत. एकात 'असे लिहिलेले आहे' आणि दुसऱ्यात 'असे सांगतात'. दुसऱ्या रकान्याला कमी लेखू नये, पण पहिल्यात मिसळू नये. तीन पिढ्या सापडल्या तर तीनच लिहाव्यात. चौथी जागा कोरी राहिली तर राहू द्यावी. कोऱ्या जागेत उद्या कोणास खरे नाव सापडू शकेल. तेथे आज खोटे नाव भरले तर पुढे कोणी शोधणारही नाही.

शेवटची गोष्ट देवळाची. जीर्णोद्धारात जुने चिरे निघतात. एखादा वीरगळ, सतीचा हात, पायरीवरची चार अक्षरे, घंटेवर कोरलेले नाव, दीपमाळेवरचा शक, यांतच गावात पूर्वी आलेल्या माणसांची साक्ष असते. असा दगड पायात गाडू नये, त्यावर तेलरंगाचे हात देऊ नयेत. फरशीखाली तो दिसेनासाही करू नये. प्रथम त्याचा ठसा घ्यावा, छायाचित्र काढावे, तो मूळ कोठे होता हे लिहून ठेवावे आणि आवारात सावलीत नीट उभा करावा. नवीन लेख कोरताना देणगीदाराचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि शक एवढे तरी स्वच्छ कोरावे. ज्याचे घराणे बाहेरगावाहून आले असेल त्याने मूळ गावही द्यावे, त्यात कमीपणा नाही. दोनशे वर्षांनी कोणी आपला मूळ पुरुष शोधीत या देवळात आला, तर त्याला त्या चिऱ्यावर निदान एक नाव नक्की वाचता यावे.